प्रवासाचा विमा : काटकसर कोठें करावी व कोठें करूं नये

प्रवास म्हटला कीं खर्च आलाच, आणि खर्च आला कीं काटकसरीचा विचार करणें हें सुज्ञ गृहस्थाचें कर्तव्यच होय. विमानाचें तिकीट स्वस्त मिळावें म्हणून आमचे वाचक रात्रीं जागून दर पाहतात. बरोबर न्यावयाचें सामान घरच्या काट्यावर तोलून मेतकूट ठेवावें कीं भाजणी, याचा निर्णय करितात. हें सर्व योग्यच आहे. परंतु या काटकसरीचा शेवटचा घाव बहुधा ज्या बाबीवर पडतो ती बाब म्हणजे प्रवासाचा विमा. तिकीट हातांत पडतें, व्हिसा हातांत पडतो; विम्याचा हप्ता भरून मात्र हातांत एका कागदावांचून कांहीं येत नाहीं, आणि प्रवास सुखरूप झाला तर तो पैसा व्यर्थ गेला असेंच घरांतील मंडळीस वाटत राहतें. म्हणून या महिन्यांत आम्ही या विषयाचा परामर्श घेण्याचें योजिलें आहे.

निमित्त झालें तें पुण्याच्या एका वाचक भगिनीच्या पत्राचें. त्या लिहितात : "आमचे मामंजी ७१ वर्षांचे व सासूबाई ६६ वर्षांच्या आहेत. वन्संचें बाळंतपण अमेरिकेंत व्हावयाचें असल्यामुळें दोघेंही पांच महिन्यांसाठीं तिकडे जाणार आहेत. मामंजींना मधुमेह व रक्तदाब असून दोहोंच्या गोळ्या नियमित चालू आहेत. विम्यावरून घरांत तीन मतें झालीं आहेत. थोरले भाऊजी म्हणतात, तेथें जांवई आहेत, मग विमा हवाच कशाला? धाकटे भाऊजी म्हणतात, विमा घ्यावा, पण अर्जांत दुखण्यांचा उल्लेख करूं नये, म्हणजे हप्ता पुष्कळ कमी बसेल. आमचे यजमान म्हणतात, सर्वांत महाग असेल तो विमा घेऊन टाकावा, म्हणजे चिंता मिटली. यांतील कोणाचें ऐकावें?"

पत्र एका घरचें असलें तरी प्रश्न अनेक घरांचा आहे. तिघांच्याही बोलण्यांत वडिलांविषयींची काळजी आहे. परंतु तिघांचाही हिशेब कोठें ना कोठें चुकलेला आहे. तो कोठें चुकला हें पाहण्यापूर्वीं विमा म्हणजे काय, याचा थोडा विचार करणें अवश्य आहे.

प्रवासाच्या विम्याची कल्पना आजकालची नव्हे. मुंबईहून ठाण्यास पहिली आगगाडी १८५३ सालीं गेली. त्याच्या चार वर्षें आधीं, १८४९ सालीं, लंडन येथें 'रेल्वे पॅसेंजर्स अ‍ॅशुरन्स' नांवाच्या कंपनीचें काम सुरू झालें होतें. गाडीच्या तिकिटाबरोबरच तिचें विम्याचें तिकीट मिळे. पहिल्या वर्गाच्या उतारूनें तीन पेन्स द्यावे व आपल्या जिवावर एक हजार पौंडांचा विमा उतरावा. दुसऱ्या वर्गास दोन पेन्स व पांचशें पौंड. तिसऱ्या वर्गास एक पेनी व दोनशें पौंड, असा तो दर होता. हा इंग्लंडांतील प्रकार पाहून जेम्स बॅटरसन या गृहस्थांनीं अमेरिकेंतील हार्टफर्ड शहरीं १८६४ सालीं 'ट्रॅव्हलर्स' ही कंपनी काढिली. तिच्याविषयीं अशी आख्यायिका आहे कीं, एका पेढीवाल्यानें पोस्टापासून घरापर्यंत चालत जाण्यापुरता विमा मागितला, आणि बॅटरसन यांनीं दोन सेंट घेऊन तो दिला.

या जुन्या हिशेबांत विम्याचें सारें मर्म आलें. जें नुकसान घडण्याचा संभव थोडा, परंतु घडल्यास घर खचून जाईल, त्याचा भार अनेकांनीं मिळून वाहावा यासाठीं विमा आहे. जें नुकसान झालें असतां आपण चार दिवस हळहळूं व पुढें विसरून जाऊं, त्याचा विमा उतरणें म्हणजे आपलेच पैसे दुसऱ्याच्या तिजोरींत ठेवून, वर त्याची मजुरी भरून, त्यांतील थोडे परत घेणें होय. जें घराला सोसवणार नाहीं त्याचा विमा उतरावा, व जें सोसवेल तें स्वतः सोसावें, हें एक सूत्र ध्यानांत धरिलें म्हणजे काटकसर कोठें करावी व कोठें करूं नये याचा उलगडा आपोआप होतो.

आतां थोरल्या भाऊजींचें मत पाहूं. अमेरिका हा देश भेटीस येणाऱ्या पाहुण्यांस विम्याची सक्ती करीत नाहीं, हें खरें. युरोपांतील शेंगेन करारांत असलेल्या २९ देशांचा अल्पकाळचा व्हिसा मात्र किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा दाखविल्यावांचून आपणांस मिळत नाहीं. सक्ती नाहीं म्हणून गरज नाहीं, असा अर्थ करणें मात्र धोक्याचें आहे. अमेरिकेंत रुग्णालयाचा एका रात्रीचा मुक्कामही हजारों डॉलरांत जातो. तेथील १९८६ सालच्या एका कायद्यानें असें ठरविलें आहे कीं, तातडीच्या विभागांत आलेल्या रुग्णाची तपासणी करून त्याची प्रकृति स्थिर करण्याचें काम रुग्णालयानें पैशांची विचारपूस न करितां केलें पाहिजे. यामुळें दारांतून कोणी हांकलून देणार नाहीं. परंतु उपचार झाल्यानंतर बिल घरीं येतेंच. वृद्धांसाठीं तेथील सरकारची जी योजना आहे तिचा लाभ भेटीस गेलेल्या आईबापांस मिळत नाहीं. जांवयाच्या नोकरींतून जो आरोग्यविमा असतो त्यांत बहुधा पत्नी व मुलें येतात. सासूसासरे येत नाहींत. आणि आपल्या घरचा आरोग्यविमा म्हणाल, तर अशा बहुतेक पॉलिसी हिंदुस्थानाच्या सीमेपलीकडे चालत नाहींत. मग जांवई भला असला तरी त्याच्यावर, तान्ह्या मुलाच्या पहिल्याच वर्षांत, असल्या ऋणाचा डोंगर घालणें कोणत्या सासऱ्याला रुचेल? कन्येच्या घरीं आपण तिला साह्य करावयास जातों, भार होण्यास नव्हे. तेव्हां विमा हवाच.

यजमानांचें मत यापेक्षां सयुक्तिक दिसतें, परंतु महाग म्हणजे चांगला हा नियम विम्यास लागू पडत नाहीं. महाग पॉलिसींत कलमें अधिक असतात; तीं सर्व आपल्या उपयोगाचीं असतातच असें नाहीं. खरी काटकसर आहे ती येथें, आणि ती करण्यासारखीं स्थळें आम्ही क्रमानें सांगतों.

पहिलें स्थळ दुहेरी विम्याचें. इंटरनेटवरून विमानाचें तिकीट काढतांना शेवटीं शेवटीं थोड्या रुपयांचा विमा हळूच बिलांत शिरतो. ग्राहकाला न विचारतां त्याच्या टोपलींत अशी वस्तु सरकविणें हें केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक नियमांत अनुचित ठरविलें आहे, व विमानाच्या तिकिटाबरोबर आपोआप जोडलेला विमा हें उदाहरणच तेथें दिलें आहे. विमा नको म्हणणाऱ्यास 'मी असुरक्षित राहीन' असें वाक्य निवडावयास लावून खजील करणें, हाही प्रकार त्याच यादींत आहे. तेव्हां तेथें खुणेची चौकट नीट पाहावी व खजील न होतां नको तें नको म्हणावें. सहल कंपनीबरोबर जाणाऱ्यांनीं, आपण भरलेल्या रकमेंत विमा धरला आहे काय व तो किती रकमेचा, हें लेखी विचारून घ्यावें. बँकेच्या क्रेडिट कार्डावरही कधीं कधीं प्रवासविमा असतो. परंतु तो पुष्कळदां केवळ विमानाच्या अपघातापुरता असतो, व तिकीट त्याच कार्डावर काढलेलें असावें अशी अट असते. ती अट वाचल्याखेरीज कार्डावर विसंबून राहूं नये.

दुसरें स्थळ सामानाच्या विम्याचें. बॅग हरवली तर काय, या भीतीनें लोक सामानाच्या मोठ्या रकमेसाठीं जादा हप्ता भरतात. परंतु आंतरराष्ट्रीय विमानप्रवासांत विमानकंपनीच्या ताब्यांत दिलेल्या सामानाची जबाबदारी १९९९ सालच्या माँट्रियल करारान्वयें त्या कंपनीवरच असते. हिंदुस्थान या करारांत २००९ सालीं सामील झाला. २८ डिसेंबर २०२४ पासून या जबाबदारीची मर्यादा दर प्रवाशामागें १,५१९ एस.डी.आर. आहे; एस.डी.आर. हें आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचें हिशेबी चलन असून ही रक्कम सुमारें दोन हजार डॉलरांच्या घरांत जाते. एवढी भरपाई सरसकट मिळते असें नव्हे; झालेलें नुकसान दाखवावें लागतें, व त्याची ही कमाल मर्यादा आहे. बॅग मोडली असल्यास सात दिवसांत व उशिरां मिळाल्यास एकवीस दिवसांत लेखी तक्रार करावी लागते. आणि विमानतळ सोडण्यापूर्वींच तेथील खिडकीवर नोंद करून तिचा कागद घेणें हें सर्वांत श्रेयस्कर. आपल्या दोन साड्या, चार धोतरें व लोणच्याची बरणी यांना ही सोय पुष्कळ झाली. दागिन्यांची गोष्ट वेगळी. सामानाच्या विम्यांतून बहुधा ते वगळलेलेच असतात. तेव्हां ते घरींच ठेवावे हा आमचा सल्ला आहे, व त्याला हप्ता पडत नाहीं.

तिसरें स्थळ प्रदेशाचें. विमाकंपन्या जगाचे विभाग करितात, आणि अमेरिका व कॅनडा धरून असलेली पॉलिसी ही ते देश वगळलेल्या पॉलिसीहून महाग असते, कारण तेथील औषधोपचार महाग. सिंगापूरला नातवंडांकडे जाणाऱ्या आजोबांनीं साऱ्या जगाचा विमा घेण्याचें कारण नाहीं. उलटपक्षीं, जातांना वाटेंत चार दिवस दुसऱ्या देशांत उतरावयाचें असेल, तर तो देश पॉलिसींत आहे कीं नाहीं हें पाहावें.

चौथें स्थळ दिवसांचें. हप्ता दिवसांवर ठरतो. म्हणून घरांतून निघण्याच्या दिवसापासून परत पोहोंचण्याच्या दिवसापर्यंत नेमके दिवस मोजावे. फार अधिक धरूं नयेत, परंतु एकही कमी धरूं नये. मुक्काम वाढण्याचा संभव असेल, आणि बाळंतपणाच्या प्रवासांत तो असतोच, तर मुदत संपण्यापूर्वीं ती वाढवून मागतां येते काय व कशी, हें आधींच विचारून ठेवावें. मुदत संपल्यावर बहुधा कोणी ऐकत नाहीं. व्हिसा न मिळाल्यामुळें प्रवासच रद्द झाला, तर पॉलिसी सुरू होण्यापूर्वीं ती रद्द करून थोडी रक्कम कापून बाकीचे पैसे परत मिळतात. लौकर परत आल्यास व कांहीं दावा केला नसल्यास उरलेल्या दिवसांचे पैसे देणाऱ्याही कंपन्या आहेत. हे पैसे न मागितल्यामुळेंच पुष्कळदां बुडतात.

पांचवें स्थळ एकत्र कुटुंबाचें. घरांतील सहा माणसें मिळून सहलीस निघालीं असतां एकच कौटुंबिक पॉलिसी घेणें स्वस्त वाटतें. परंतु अशा पॉलिसीचा हप्ता बहुधा सर्वांत वडील मनुष्याच्या वयावरून ठरतो. आजोबांच्या वयाचा दर नातवानें कां भरावा? वडील मंडळीची पॉलिसी निराळी व तरुणांची निराळी, असे दोन्ही दर मागवून बेरीज करून पाहावी. शिवाय एकाच रकमेंत सर्वांची वाटणी आहे, कीं प्रत्येकास ती रक्कम स्वतंत्र आहे, हेंही विचारावें. घरांतील जो कोणी उद्योगाच्या कामीं वर्षांतून चारपांच वेळां परदेशीं जातो, त्यानें दर वेळीं नवीन पॉलिसी न घेतां वर्षाची एकच घ्यावी. मात्र तींत प्रत्येक फेरीच्या दिवसांना मर्यादा असते, ती पाहावी.

सहावें स्थळ, ज्यास कंपन्यांच्या भाषेंत 'डिडक्टिबल' म्हणतात त्याचें. दाव्यांतील पहिली अमुक रक्कम आपण सोसावयाची व पुढची कंपनीनें, असा तो करार असतो. समजा, ही रक्कम १०० डॉलर आहे व डॉक्टरचें बिल १५० डॉलर झालें, तर कंपनीकडून ५० डॉलरच मिळतील. अमेरिकेंतील पाहुण्यांसाठींच्या योजनांत ही रक्कम आपल्याला निवडतां येते, आणि ती जितकी अधिक तितका हप्ता कमी. येथें आमचें सूत्र पुरेपूर लागू पडतें : सर्दीखोकल्याचीं बिलें आपण सोसावीं व हृदयविकाराचें बिल कंपनीवर सोपवावें.

येथवर काटकसर झाली. आतां जेथें ती करूं नये त्या जागा.

पहिली जागा म्हणजे वैद्यकीय विम्याची रक्कम. सामान, विलंब, पासपोर्ट हरवणें, हीं कलमें गाळलीं तरी चालेल. परंतु रुग्णालयाच्या खर्चाचा आंकडा कमी करून हप्ता वांचविणें हें दांत कोरून पोट भरण्यासारखें आहे. नुसता वरचा मोठा आंकडा पाहूनही भागत नाहीं. साठीच्या पुढील प्रवाशांसाठीं कित्येक पॉलिसींत खोलीभाडें, शस्त्रक्रिया, अतिदक्षता विभाग यांना आंत लहान लहान मर्यादा घातलेल्या असतात; वरचा आंकडा मोठा व आंतील वाटे चिमुकले, असा तो प्रकार असतो. अमेरिकेंतील योजनाही दोन जातींच्या असतात. एका जातींत प्रत्येक उपचारासाठीं ठराविक रक्कम मिळते, मग बिल कितीही येवो. दुसऱ्या जातींत डिडक्टिबल वजा जातां, ठरलेल्या प्रमाणांत व एकूण मर्यादेपर्यंत, प्रत्यक्ष बिल दिलें जातें. पहिली स्वस्त असते, आणि ती स्वस्त कां असते हें रुग्णालयांत गेल्यावर कळतें. दोहोंतील फरक तिकीट काढण्याच्या आधींच समजून घ्यावा.

दुसरी जागा सत्याची. आणि येथें धाकट्या भाऊजींच्या मताचा विचार करणें प्राप्त आहे. अर्जांत दुखणें लिहिलें नाहीं तर हप्ता कमी पडेल, हें त्यांचें म्हणणें खोटें नव्हे. कोण पाहावयास येतो, या प्रश्नाचें उत्तर मात्र असें आहे कीं, हप्ता घेतांना कोणीही येत नाहीं. पैसे देण्याची वेळ आली म्हणजे सर्व येतात. रुग्णालयांत दाखल होतांना डॉक्टर पहिलाच प्रश्न विचारतात कीं, कोणतीं औषधें चालू आहेत? तेथें प्राणाची गांठ असल्यामुळें आपण खरें सांगतों, तें कागदावर चढतें, आणि तोच कागद विमाकंपनीपुढें जातो. विम्याचा करार परस्परांच्या पूर्ण विश्वासावर उभा असतो. महत्त्वाची गोष्ट लपविली असेल तर कंपनीस दावा नाकारतां येतो. म्हणजे वांचविलेले हजार दोन हजार रुपये पदरीं राहतात, व हजारों डॉलरांचें बिलही पदरींच राहतें.

या संबंधांत आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढें आलेला एक खटला प्रत्येक घरानें ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. एका गृहस्थांनीं नात्यांतील लग्नासाठीं अमेरिकेस जाण्यापूर्वीं, २००९ सालच्या मे महिन्यांत, परदेशप्रवासाचा वैद्यकीय विमा घेतला. त्या वेळीं त्यांची वैद्यकीय तपासणी झाली, व आपणांस मधुमेह असल्याचें त्यांनीं स्पष्ट कळविलें होतें. सॅनफ्रान्सिस्कोच्या विमानतळावर उतरतांच त्यांना हृदयविकाराचा झटका आला, व रुग्णालयांत तीन स्टेंट बसवावे लागले. उपचारांचा खर्च सुमारें २,२९,७१९ डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दरानें एक कोटी रुपयांच्या घरांत गेला. कंपनीनें दावा नाकारला. कारण असें दाखविलें कीं, गृहस्थ रक्तांतील चरबीसाठीं गोळ्या घेत होते, हें त्यांनीं सांगितलें नव्हतें. राष्ट्रीय ग्राहक आयोगानेंही दावा फेटाळला. शेवटीं ६ डिसेंबर २०२१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें गृहस्थांच्या बाजूनें निकाल देऊन ती रक्कम सहा टक्के व्याजासह देण्याचा हुकूम केला. मधुमेह्यांस अशा गोळ्या प्रतिबंधक म्हणूनही देतात, आणि जें दुखणें कळविलें असतां कंपनीनें विचार करून पॉलिसी दिली त्याच दुखण्याकडे बोट दाखवून पुढें दावा नाकारणें योग्य नव्हे, असा त्या निकालाचा आशय आहे. मात्र आपणांस ठाऊक असलेली प्रत्येक महत्त्वाची गोष्ट कळविणें हें विमा घेणाराचें कर्तव्य आहे, हेंही न्यायालयानें त्याच निकालांत सांगितलें आहे.

या खटल्यांतून दोन बोध घ्यावे. मधुमेह कळविला होता म्हणूनच त्या गृहस्थांचा पक्ष शेवटीं टिकला. तो लपविला असता तर न्यायालयानें तरी काय करावें? आणि एका गोळीचा उल्लेख राहिल्यानें बारा वर्षें गेलीं. म्हणून अर्ज भरतांना घरांतील औषधांचा डबा पुढें घेऊन बसावें, व सकाळसंध्याकाळच्या एकूण एक गोळीचें नांव लिहावें. मग ती कितीही किरकोळ वाटो. एजंट 'याची गरज नाहीं' म्हणाला तरी लिहावें, कारण सही आपली असते, त्याची नव्हे.

दुखणें कळविलें म्हणजे त्याचा सर्व खर्च मिळतो असें मात्र समजूं नये. जुन्या दुखण्यासंबंधींचा खर्च कित्येक पॉलिसी देतच नाहींत, व कित्येक केवळ प्राणावर बेतल्यासच देतात. अमेरिकेंतील कांहीं योजना जुन्या दुखण्याचा अकस्मात् उठाव झाल्यास खर्च देतात, परंतु तेथेंही वयाची अट असते. आमच्या पत्रलेखिका भगिनीच्या मामंजींचें वय ७१ असल्यामुळें हें कलम त्यांनीं सर्वांत आधीं वाचावें, व त्यासाठीं चार पैसे जास्त पडले तर ते आनंदानें द्यावे. सामानाच्या कलमांत वांचलेले पैसे खर्च करावयाची जागा हीच होय. निघण्यापूर्वीं घरच्या डॉक्टरांस दाखवून प्रवासास हरकत नसल्याची चिठ्ठी घ्यावी, आणि पांच महिन्यांचीं औषधें, त्यांच्या चिठ्ठ्यांसह, बरोबर न्यावीं. हा सर्वांत स्वस्त विमा आहे.

परदेशचा प्रवास सर्वांच्याच वांट्यास येतो असें नाहीं, आगगाडीचा येतो. आयआरसीटीसीवर तिकीट काढणारांस २०१६ सालच्या सप्टेंबरपासून एक ऐच्छिक विमा मिळतो. त्याचा हप्ता दर प्रवाशामागें एका रुपयाहूनही कमी आहे. गाडीच्या अपघातांत मृत्यु किंवा कायमचें पूर्ण अपंगत्व आल्यास १० लाख, कायमचें अंशतः अपंगत्व आल्यास ७.५ लाख, व दुखापतीच्या रुग्णालयीन खर्चासाठीं २ लाख रुपयांपर्यंत, असें त्याचें स्वरूप आहे. सुपारीच्या खांडापेक्षांही स्वस्त असलेला हा विमा नाकारण्यांत काटकसर नाहीं. मात्र तिकीट काढल्यावर विमाकंपनीकडून जो संदेश येतो तो उघडून वारसाचें नांव भरावें लागतें, आणि तेथेंच लोक आळस करितात. रेल्वे अपघातांत मृत्यु आल्यास १९८९ च्या रेल्वे कायद्याखालीं मिळणारी भरपाई १ जानेवारी २०१७ पासून ८ लाख रुपये आहे. तो हक्क या विम्याहून निराळा असून विमा न घेतलेल्यासही आहे, हें ज्ञान घरांतील प्रत्येकास असावें.

शेवटची गोष्ट कागदांची. पॉलिसीची एक प्रत प्रवाशापाशीं, एक परदेशांतील मुलीपाशीं व एक येथील घरीं असावी. तिच्यावर साह्यासाठीं जो टेलिफोनचा आंकडा असतो तो मोठ्या अक्षरांत लिहून आजोबांच्या खिशांत ठेवावा. रुग्णालयांत दाखल होण्यापूर्वीं, व तें अशक्य असल्यास दाखल होतांच, तेथें कळविणें अवश्य असतें. प्रत्येक पावती, डॉक्टरची चिठ्ठी व विमानांत चढण्याचा पास जपून ठेवावा. इतकें करूनही कंपनीनें दावा अन्यायानें नाकारला, तर प्रथम तिच्याच तक्रारविभागास लिहावें. एक महिन्यांत उत्तर न आल्यास, किंवा आलेल्या उत्तरानें समाधान न झाल्यास, विमा लोकपालाकडे एका वर्षाच्या आंत अर्ज करितां येतो. तेथें शुल्क पडत नाहीं, वकील लागत नाहीं, आणि ५० लाख रुपयांपर्यंतचे दावे ऐकले जातात. मुंबई व पुणें या दोन्ही ठिकाणीं हीं कार्यालयें आहेत.

सारांश, दुहेरी विमा टाळावा, नको तीं कलमें गाळावीं, दिवस व देश नेमके मोजावे, लहान नुकसान स्वतः सोसावें. आणि याप्रमाणें जें वांचेल तें रुग्णालयाच्या रकमेंत व खऱ्या अर्जांत घालावें. हा हिशेब घरांतील एकानेंच न करितां, ज्यांना प्रवास करावयाचा आहे त्या वडील मंडळीस मध्यें बसवून सर्वांनीं मिळून करावा. आपलें दुखणें मुलांस ओझें होईल या संकोचानें पुष्कळ वडील माणसें निम्म्या गोळ्यांचीं नांवें सांगतच नाहींत. तीं त्यांनीं मोकळेपणानें सांगावीं असें वातावरण ज्या घरांत आहे, त्या घराचा अर्धा विमा आधींच उतरलेला आहे असें आम्ही समजतों.